सदतीस नग

भाऊजींच्या हातून चाळीस वर्षांत दोनच चुका झाल्या. पहिल्या वेळी रेडिओवर आवडीचं गाणं लागलं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर इस्त्रीचं तपकिरी चित्र उमटलं. दुसरी चूक अशी, की त्यांनी बरोबर शर्ट बरोबर घरी नेऊन दिला.

ही त्या दुसऱ्या चुकीची गोष्ट.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून लाँड्री या दोघांनीच चालवलेली. वहिनी फळीवर आणि धुलाईवर, भाऊजी इस्त्रीवर. भाऊजी त्यांना वहिनी म्हणत म्हणून सगळी गल्ली वहिनी म्हणायची, आणि त्या यांना भाऊजी म्हणत म्हणून सत्तरीतले म्हातारेसुद्धा 'ओ भाऊजी' अशी हाक मारायचे. "स्वतःचं लग्न नाही झालं, पण दीर मात्र अख्ख्या गल्लीचा झालो," असं भाऊजी म्हणायचे आणि इस्त्री जरा जोरात दाबायचे.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं की ते वहिनींकडे बघायचे. पण त्याच गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर उलटून आत नुसती नजर टाकली की हा कोण, कुठल्या घरातला, स्टार्च किती लागतो, सगळं घडाघडा सांगायचे. कारण कॉलरच्या आत खूण असायची. पक्क्या लाल दोऱ्याचे चार-पाच टाके. कुणाच्या दोन उभ्या रेघा आणि फुली, कुणाची चौकट, कुणाचं नुसतं तिरकं टिंब. पँटींना कमरेच्या पट्टीत, चादरींना कोपऱ्यात. कितीही उकळा, तो दोरा हटत नाही. खुणांची वही अशी नव्हतीच. ती या दोघांच्या डोक्यात होती. आणि कॉलरच्या आत, मानेला लागून काय शिवलंय, हे धुणाऱ्याशिवाय जगात कुणीही बघत नाही. ज्याचा शर्ट, तोसुद्धा नाही.

आणीबाणी लागून तेव्हा वर्ष होत आलं होतं. लागली ती तीन महिन्यांसाठी. मग आणखी तीन महिने, मग आणखी. वर्तमानपत्रात मधेच पांढरे चौकोन असत, तेवढा मजकूर काढलेला. रस्त्यावर चारजणांनी एकत्र उभं राहायचं नाही, असा हुकूम होता. दुकानासमोर चौथं गिऱ्हाईक आलं की वहिनी पहिल्याला आत ओढायच्या. "आत या हो, बाहेर तुम्ही गुन्हा होताय."

मग एक दिवस त्यांच्याच दुकानाला कागद आला. लाँड्री ही अत्यावश्यक सेवा ठरली होती. गावाबाहेरच्या जुन्या गोदामात सरकारने छावणी केली होती. तिथले कपडे दर गुरुवारी येतील, शनिवारी धुऊन परत जातील. नाही म्हणायची सोय नव्हती, नाही म्हणणं हाच गुन्हा. वहिनींनी विचारलं, "पावती कुणाच्या नावे करू?"

"छावणीच्या कामाला कागद नसतो," कपडे घेऊन आलेला हवालदार म्हणाला. त्याची दाढ दुखत होती, एक हात सारखा गालावर. "गाठोडं द्यायचं, गाठोडं घ्यायचं."

वहिनींच्या जिवावर आलं. नवऱ्याने दुकान उघडलं त्या दिवशी घातलेला नियम होता: खूण, नग, सही. त्याशिवाय रुमालही फळीवरून उचलायचा नाही. पण कागदाखाली शिक्का होता, तेव्हा त्या गप्प बसल्या.

पहिले काही गुरुवार चादरी आणि शिपायांचे गणवेश आले. मग एका गुरुवारी त्याबरोबर एक वेगळी गोणी आली. 'उकळून द्या, उवा आहेत,' एवढाच निरोप. साधे घरचे कपडे होते, मळून खपली धरलेले. शनिवारी गोणी परत गेली.

मंगळवारी सकाळी मास्तरीणबाई दुकानात आल्या तेव्हा वहिनी निळीचं पाणी कालवत होत्या. मास्तरीणबाईंनी पिशवीतून एक पांढरा शर्ट काढून फळीवर ठेवला. इस्त्री केलेला, छान घडी घातलेला.

"हा काल भाऊजी घरी देऊन गेले," त्या म्हणाल्या. "कुठून आला?"

वहिनींनी कॉलर उलटली. दोन उभ्या रेघा, एक फुली, खाली टिंब. मास्तरांची खूण.

मास्तर म्हणजे मास्तरीणबाईंचे यजमान, शाळेतले गणिताचे मास्तर. चौथ्यांदा मुदत वाढली त्या सकाळी ते सरकारी कचेरीसमोर एक पुठ्ठा गळ्यात अडकवून उभे राहिले होते. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'तीन महिने म्हणजे किती?' चौघांना बंदी आहे म्हणून एकटेच. हुकूम मोडू नये एवढा हिशेब त्यांनी केला होता. सतराव्या मिनिटाला त्यांना गाडीत घातलं, ते साऱ्यांनी पाहिलं. नंतर मात्र कचेरीत मास्तरीणबाईंना एकच उत्तर मिळत राहिलं: असा इसम आमच्याकडे नाही.

वहिनींच्या डोळ्यांसमोर गोणी आली. आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, जुनाच असेल. मागे राहिला असेल कपाटात. आमच्या भाऊजींचं काही सांगू नका."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस जरा जास्तच बोलतो. मास्तरीणबाईंनी शर्टाच्या वरून तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं. ते निळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

"त्या सकाळी तुटलं होतं. पांढरा दोरा संपलेला. म्हटलं, आता निळाच लावते, संध्याकाळी उसवून नीट लावीन. आम्ही त्यावरून भांडलोसुद्धा. अंगात घालूनच शिवलं मी." त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. "हा शर्ट घालून ते गेले. बावीस दिवस झाले. मी पाच वेळा कचेरीत गेले. पाचव्या वेळी तिथला कारकून म्हणतो, बाई, कुणाबरोबर निघून गेले असतील. मी म्हटलं, एका शर्टावर?"

मागे इस्त्रीचा आवाज थांबला होता.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तो गोणीतला आहे. मी खूण बघितली आणि मास्तरांच्या गठ्ठ्यात टाकला. सवयीने. बाकीची गोणी बिनइस्त्रीचीच गेली, हा एकच माझ्या ढिगात आला. कुठनं आला, हे डोक्यातच आलं नाही."

"भाऊजी, तुम्ही जरा—"

"नाही, आता बोलू द्या. चुकलो खरा. पण शर्ट त्यांचाच आहे."

वहिनींनी मान खाली घातली. आपण एवढ्या पटकन खोटं बोललो आणि भाऊजींना खोटं बोलावं हे सुचलंसुद्धा नाही, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि स्टूल पुढे केलं. "बसा. छावणीतून आलाय तो. मघाशी मी भ्यायले होते."

"मीही भिते," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि बसल्या. मग बराच वेळ त्या शर्टाच्या बाहीवरून हात फिरवत राहिल्या, जणू आत हात आहे.

दुपारी त्या वकीलबाईंना घेऊन आल्या. आणीबाणीत वकिलांना काम उरलं नव्हतं. या बाई हल्ली भाडेपट्टे लिहून दिवस काढत होत्या. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. "का धरलं, हे आता कोर्टाला विचारता येत नाही. किती दिवस ठेवणार, तेही नाही. पण धरलंय का, एवढं अजून विचारता येतं. ते कलम काढायचं बहुधा राहून गेलंय. एकदा कोर्टात 'हो, आहे' असं लिहून आलं, की मग माणूस गायब करता येत नाही. महिन्याला एक पत्र, कपडे, आजारी पडला तर डॉक्टर, सगळं त्या 'हो' नंतर. पण मला पुरावा लागेल. कुणीतरी उभं राहून सांगायला लागेल."

कुणीही वहिनींकडे बघितलं नाही, हे वहिनींच्या बरोबर लक्षात आलं.

"मी सांगतो की," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही कोर्टाला कॉलरच्या कडकपणावर व्याख्यान द्याल. न्यायाधीश तारीख देऊन जेवायला जातील," वहिनी म्हणाल्या.

"मग तुम्ही सांगा."

"बघते," वहिनी म्हणाल्या. बघते म्हणजे काय, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. दुकान गेलं तर दुसरं काही येत नव्हतं. आणि बोलणारी माणसंही त्याच गोदामात जातात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. वकीलबाई जाताना म्हणाल्या, "सरकार म्हणेल शर्ट घरातच होता. तुमच्या शब्दाला कागदाचा आधार असता तर बरं झालं असतं."

वहिनी निळीच्या पाण्यात हात घालून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. हात मनगटापर्यंत निळे झाले.

गुरुवारी हवालदार आला तो तणतणतच. गोणी फळीवर आपटली. "मागच्या वेळी सदतीस नग दिले होते. छत्तीस आले! एक शर्ट कुठाय?"

"तुम्हीच म्हणालात, कागद नसतो. मग सदतीस होते हे मोजलं कुणी?"

"आम्ही कशाला मोजतोय!" हवालदाराने गाल दाबला. "आत एक म्हातारा आहे ना डोकं खायला. म्हातारा म्हणजे, पन्नाशीचा असेल. चार दिवस उघडा बसलाय. आणि रोज हजेरीला सगळ्यांसमोर साहेबांना विचारतो, सदतीस वजा छत्तीस किती? साहेबांनी दोनदा दटावलं. तिसऱ्या दिवशी आख्खी रांग बोंबलली, एक! आता साहेब माझ्या मानगुटीवर. म्हणतात, तो शर्ट आण नाहीतर तू उघडा बस."

भाऊजींनी घाईघाईने पाठ फिरवली आणि नसलेल्या सुरकुतीवर इस्त्री फिरवायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. वहिनींना हसू आणि रडू एकदमच आलं. ते दोन्ही गिळून त्यांनी शेगडीवरचं पाणी पेल्यात ओतलं, मीठ घातलं आणि हवालदारासमोर ठेवलं.

"चूळ भरा. दाढेला बरं वाटेल. शर्ट दुसऱ्या गठ्ठ्यात गेला असणार, शोधून ठेवते. शनिवारी सदतीसच्या सदतीस न्या."

"नक्की?"

"नक्की. पण हे असं तोंडी नको बाई. पुन्हा एखादा नग इकडे-तिकडे झाला, तर तुमचे साहेब तुमच्यावर, तुम्ही माझ्यावर. शनिवारी मी पावती करते. तुम्ही मोजून घ्या आणि सही करा. म्हणजे तुम्हीही मोकळे आणि मीही."

हवालदाराने चूळ भरली, दुसरी भरली, डोळे मिटले. "करा काय करायचं ते," तो म्हणाला. "मला फक्त ती बेरीज जुळवून द्या."

तो गेला आणि भाऊजी वळले. "वहिनी, दादाचा नियम."

"हो. खूण, नग, सही," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी दुकानाचं दार त्यांनी लवकर ओढून घेतलं. गोणी रिकामी करून कपडे उकळायच्या आधी एकेक कॉलर, एकेक कमरपट्टी उलटली. छावणीच्या लोकांनी खिसे फाडले होते, चिठ्ठ्या काढल्या होत्या, पट्टे काढून घेतले होते. खुणांना कुणी हात लावला नव्हता. सहा खुणा त्यांच्या स्वतःच्या निघाल्या. बाकीच्या दुसऱ्या लाँड्र्यांच्या. "ही चौकट स्टेशनाजवळच्या म्हाताऱ्याची," भाऊजी म्हणायचे. "हा हिरवा दोरा पुलापलीकडचा. टाका बघा कसा घातलाय, मांजराने ओरबाडल्यासारखा. त्याला मी किती वेळा सांगितलं." एका शर्टाच्या पाठीवर काळपट रेघा होत्या. तो वहिनींनी दोन वेळा उकळला.

शुक्रवारी सकाळी त्या मास्तरीणबाईंकडे गेल्या.

"शर्ट परत द्या," त्यांनी दारातच सांगितलं.

मास्तरीणबाईंनी दाराची कडी धरली. "तेवढंच आहे माझ्याकडे."

"म्हणूनच. तुमच्या कपाटात तो नुसता शर्ट आहे. त्यांच्या गोदामात, त्यांच्याच सहीने गेला, तर पुरावा आहे. आणि ताई..." वहिनींनी सदतीस वजा छत्तीसची हकीकत सांगितली.

मास्तरीणबाई आधी दाराला टेकल्या. मग खाली बसल्या. मग त्यांना असं हसू फुटलं की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. "चार दिवस उघडे! आणि बाळपणापासून थंडीचा त्रास," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "बेरीज-वजाबाकी काही सुटली नाही." मग उठल्या, शर्ट आणला, दोऱ्याचा डबा आणला. पांढरा दोरा आता घरात होता, तरी त्यांनी निळाच घेतला आणि राहिलेली पाच बटणं उसवून एकेक करून निळ्याने शिवली. वहिनी बाजूला बसून राहिल्या. शेवटचा दोरा मास्तरीणबाईंनी दातांनी तोडला.

"ही बटणं बरोबर वाचतील ते," त्या म्हणाल्या. "जुन्या पावत्या हव्यात का तुमच्या? मी टाकत नाही. तीन वर्षांच्या आहेत."

प्रत्येक पावतीवर वहिनींच्या हाताने काढलेली तीच खूण होती. दोन रेघा, फुली, टिंब. वहिनींनी त्या उराशी धरल्या, पण मनात म्हणाल्या, आता 'बघते' म्हणायची सोयच राहिली नाही.

शनिवारी पावती चार पानांची झाली. नग पहिला, शर्ट, पांढरा, सहा बटणं निळ्या दोऱ्याने, आणि पुढे खूण. असे सदतीस. खाली ओळ: वरील नग छावणीतून आले होते, ते मोजून छावणीकरिता परत घेतले. कार्बन घालून दोन प्रती. हवालदाराने कपडे मोजले, दोनदा मोजले. सदतीस म्हटल्यावर त्याचा चेहरा दाढ असूनही उजळला.

"वाचून घ्या," वहिनी म्हणाल्या.

"काय वाचायचंय त्यात? रेघोट्या तर आहेत." त्याने मिठाच्या पाण्याचा पेला डाव्या हाताने तोंडाला लावला आणि उजव्याने सही केली. नाव, हुद्दा, तारीख. अक्षर मात्र वळणदार होतं. वहिनींच्या मनात आलं, कुणीतरी याला मन लावून शिकवलेलं आहे. ते मनात यायला नको होतं.

भाऊजींनी सायकल काढली. रविवार आणि सोमवार ते गावातल्या लाँड्र्या हिंडले. खुणांचा कागद दाखवायचा, एवढंच. स्टेशनाजवळच्या म्हाताऱ्याने कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, "ही छापखान्यातल्या पोराची. आई रोज विचारते माझ्याकडे, कपडे टाकून गेला होता का म्हणून." पुलापलीकडच्याने तीन ओळखल्या. कुणी दार लावून घेतलं नाही. एकाने फक्त विचारलं, "माझं नाव येईल का?" भाऊजी म्हणाले, "तुझं कशाला? तुझ्या टाक्याचं येईल. तोच तेवढा लाज आणणारा आहे." सदतीस नगांवरून एकोणतीस माणसांची नावं लागली. एकोणतीस घरांतून जुन्या पावत्या निघाल्या. पावत्या जपून ठेवणाऱ्या बायांना आजवर सगळे हसत आले होते.

दोन आठवड्यांनी वहिनी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. धुवट सुती साडी, तिला भाऊजींनी अशी इस्त्री केली होती की बसता येईना. न्यायाधीश वयस्क होते, सर्दीने बेजार. सरकारी वकिलांनी चार पानांची पावती दोन बोटांत धरली.

"बाई, या दोऱ्याच्या नक्षीवरून तुम्ही माणूस ओळखता?"

"माणूस नाही साहेब, शर्ट ओळखते. माणूस त्याची बायको ओळखेल, तिला दाखवा."

मागे कुणीतरी खाकरलं.

"एकच खूण दोन गिऱ्हाइकांची असू शकते."

"मग एकाची पँट दुसऱ्याच्या घरी जाईल. तसं होत असतं तर गावाने आम्हाला चाळीस वर्षं ठेवून घेतलं असतं का?"

सरकारी वकिलांनी पावती खाली ठेवली. आता त्यांचा आवाज गोड झाला, आणि वहिनींचे गुडघे त्याच आवाजाने थरथरले. "आदेशाचं सोळावं कलम तुम्हाला माहीत आहे? छावणीची बातमी बाहेर देणाऱ्याला विनाचौकशी ताब्यात घेता येतं. विनाचौकशी. समजलं?"

वहिनींनी पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवले. निळीने नखांच्या कडा अजून निळ्या होत्या. पहिल्या बाकावर मास्तरीणबाई बसल्या होत्या, मांडीवर जुन्या पावत्यांचा गठ्ठा. त्यांच्यामागे सगळी बाकं भरली होती. कोर्टात चारजणांच्या बंदीचा हुकूम लागू नव्हता, तेही कलम काढायचं राहून गेलं असावं.

"समजलं," वहिनी म्हणाल्या. "पण मी बातमी दिली नाही साहेब. मी पावती दिली. दुकान तुम्हीच अत्यावश्यक केलंत. कपडे तुम्ही आणलेत, तुम्ही मोजलेत, सही तुमच्या माणसाने केली. मी फक्त धुतले. आता माझ्या खुणा खोट्या म्हणायच्या असतील, तर तो निळ्या बटणांचा शर्ट इथे आणा. आणि येताना तो ज्याच्या अंगात आहे, त्यालाही घेऊन या. वेगळा कशाला आणायचा?"

न्यायाधीशांनी रुमालात नाक शिंकरलं. चष्मा काढला, पुसला, घातला. शेवटच्या पानावरच्या सहीकडे ते फार वेळ बघत बसले.

"सही कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

सरकारी वकील शेजारच्या माणसाशी कुजबुजले.

"छावणीचं रजिस्टर आठ दिवसांत कोर्टापुढे," न्यायाधीश म्हणाले आणि पुन्हा शिंकले.

सातव्या दिवशी मास्तरीणबाईंना अर्धा कागद मिळाला. त्यावर एकच ओळ: सदर इसम ताब्यात आहे. तो कागद त्यांनी दुकानात आणून सगळ्यांना दाखवला, नातवाचा फोटो दाखवावा तसा. सुटका नाही, तारीख नाही, नुसतं 'आहे'. एवढ्यावर आनंद मानायची वेळ आली, याचा वहिनींना राग आला आणि तरी त्यांनी मास्तरीणबाईंना घट्ट मिठी मारली. पुढच्या पंधरवड्यात असे अठ्ठावीस अर्धे कागद आणखी आले.

आणि लाँड्रीचं पाणी तोडलं. सोळावं कलम लावायचं तर पावती पुन्हा कोर्टात आली असती, म्हणून पाणी. कागद आला: सदर दुकान यापुढे अत्यावश्यक नाही. छावणीचं काम पुलापलीकडच्याकडे गेलं. भाऊजींनी त्याला निरोप धाडला, टाका कसाही घाल, पण पावती कर. त्याने उलटा निरोप दिला, तू सांगायच्या आधीच पावत्या छापून आणल्यात.

वहिनींनी दारावर पाटी लावली: 'कपड्यांबरोबर पाणी आणावे.' गंमत म्हणून लावली होती. दुसऱ्या सकाळी शेजारची डॉक्टरीणबाई एका हातात चादरींचं बोचकं आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन आली. तिच्यामागे आणखी कोण कोण. बादल्या, घागरी, पिंप, एकाने तर बाळाला अंघोळ घालायचा टब आणला. रांग कोपऱ्यापर्यंत गेली. गस्तीची गाडी आली आणि थांबली. "तीनच्या वर माणसं आहेत," शिपाई म्हणाला.

"माणसं कुठायत?" भाऊजी आतून ओरडले. "बादल्या आहेत. बादल्यांवर बंदी असेल तर कागद दाखवा."

गाडी थोडा वेळ थांबली आणि गेली.

पण लोक आता दुसऱ्याच कामाला येऊ लागले होते. धुवायचं काही नसायचं. "वहिनी, खूण घालून द्या. सगळ्या कपड्यांना. कॉलरला, कमरेला, बनियनलासुद्धा. उद्या कुठे सापडलो तर कळायला हवं." शाळेतल्या बाई आल्या, बस चालवणारा आला. वहिनी शिवत राहायच्या. काहीजण म्हणायचे, "आत कशाला, बाहेर घाला. दिसू दे." मग कॉलरच्या बाहेर, चारचौघांत दिसेल अशी लाल दोऱ्याची खूण घेऊन गाव हिंडायला लागलं.

अशाच एका दुपारी, रांग सरल्यावर, एक माणूस साध्या कपड्यांत येऊन फळीपुढे उभा राहिला. भाऊजींनी सवयीने वहिनींकडे बघितलं. वहिनींनाही त्याला ओळखायला एक क्षण लागला. गालावर हात नव्हता.

"दाढ कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"काढली." हवालदाराने दोन शर्ट आणि एक पँट फळीवर ठेवली. "उद्या दहा वाजता चौकशीला बोलावलंय. त्या सहीबद्दल." त्याने कपडे वहिनींकडे सरकवले. "चौकशीला बोलावलेली माणसं कुठे जातात, ते मला माहीत आहे. मीच पोचवायचो. खूण घालून द्या."

भाऊजींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"तुम्ही मला फसवलंत," हवालदार म्हणाला. रागाने नाही, नुसतं नोंद केल्यासारखं.

'वाचून घ्या म्हटलं होतं' हे वहिनींच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी आवरलं. "हो," त्या म्हणाल्या. "फसवलं."

त्यांनी सुईत लाल दोरा ओवला. कुणाचीच नसलेली खूण शोधायला थोडा वेळ लागला. आता इतकी माणसं झाली होती की साध्या खुणा उरल्या नव्हत्या. शेवटी दोन टिंबं आणि त्यांच्यामधे आडवी रेघ. शर्टांना, पँटीला, आणि मग त्या म्हणाल्या, "अंगातलाही काढा." तो उघडा बसून राहिला. भाऊजींनी स्वतःची शाल त्याच्या खांद्यावर टाकली.

"आता कपडे कुठल्याही लाँड्रीत जाऊ देत," वहिनी टाका घालता घालता म्हणाल्या, "सगळीकडे आपलीच माणसं आहेत. परवापर्यंत तुम्ही घरी आला नाहीत, तर तुमच्या बायकोला माझ्याकडे पाठवा. मी पुन्हा पिंजऱ्यात उभी राहीन. आता माझे गुडघे कापत नाहीत." जरा थांबून त्या म्हणाल्या, "म्हणजे, कापतात. पण उभं राहता येतं."

मग त्यांनी पावतीपुस्तक ओढलं, कार्बन घातला. शर्ट तीन, पँट एक. चार नग. पुढे खूण काढली, पुस्तक त्याच्याकडे फिरवलं आणि पेन दिलं.

हवालदाराने पेन घेतलं नाही. आधी पावती जवळ ओढली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, बोट ठेवून, सावकाश वाचली. मग एक शर्ट उचलला, कॉलर उलटली आणि कागदावरची खूण टाक्यांशी ताडून बघितली.

मग त्याने पेनासाठी हात पुढे केला.